गॅलक्सी क्लस्टर फिलामेंटला जोडलेला असतो म्हणजे नक्की काय असतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॉस्मिक वेबचा, म्हणजे विश्वभर पसरलेल्या दीर्घिकांच्या जाळ्याचा, तो जांभळा-पिवळा फोटो बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेला असतो, गाठी आणि त्या गाठींना जोडणाऱ्या रेषा. गाठी म्हणजे क्लस्टर, रेषा म्हणजे फिलामेंट इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण जिथे रेषा गाठीला टेकते तिथे काय होतं हे फारसं कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळी खरी गंमत तिथेच आहे, म्हणून हे सगळे प्रश्न एका जागी घेतलेत.

आधी एकदा सांगा, क्लस्टर, फिलामेंट, व्हॉइड म्हणजे काय?

दीर्घिका म्हणजे गॅलक्सी अवकाशात सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत, त्या घोळक्यानं राहतात. आपली आकाशगंगा, देवयानी आणि आजूबाजूच्या छोट्या दीर्घिका मिळून एक लहानसा ग्रुप होतो. क्लस्टर त्याच्या कितीतरी पुढचा, शेकडो ते हजारभर दीर्घिका, सगळ्या गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या, आणि एकूण वस्तुमान १ लाख अब्ज सूर्यांपासून १० लाख अब्ज सूर्यांपर्यंत. त्यातही दीर्घिकांचा वाटा दोन-तीन टक्के, दहा-पंधरा टक्के कोट्यवधी अंश तापलेला गॅस, आणि बाकी सगळं डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणानं जाणवणारं वस्तुमान.

फिलामेंट म्हणजे या क्लस्टरांच्या मधून जाणारे लांबच लांब पट्टे, कोट्यवधी प्रकाशवर्ष लांबीचे, त्यातही दीर्घिका, गॅस आणि डार्क मॅटरच असतं पण विरळ. आणि या सगळ्याच्या मध्ये ज्या जवळजवळ रिकाम्या जागा राहतात ते व्हॉइड. १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला असा एक व्हॉइड सापडला, तो साधारण ३३ कोटी प्रकाशवर्ष रुंद आहे.

कोणाचा वाटा किती, हे मोजण्याच्या पद्धतीवर थोडं बदलतं. २०१४ मधल्या एका सिम्युलेशनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेल्या विश्वाच्या, अभ्यासात फिलामेंट्सनी फक्त ६ टक्के जागा व्यापलेली होती पण विश्वातलं निम्मं वस्तुमान त्यांच्यात होतं. क्लस्टरच्या गाठींना ०.१ टक्क्याहूनही कमी जागा आणि ११ टक्के वस्तुमान. व्हॉइडकडे ७७ टक्के जागा आणि वस्तुमान फक्त १५ टक्के. म्हणजे खरा माल रस्त्यातच जास्त आहे, गाठीत कमी.

आधी क्लस्टर बनतात आणि मग त्यांच्यामध्ये फिलामेंटचा पूल तयार होतो, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पक्का बसलेला असतो की जरा सविस्तर सांगतो.

बिग बँगनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला तो आपल्याला आजही मायक्रोवेव्हमध्ये दिसतो, आणि त्यात घनतेचा फरक जेमतेम लाखात एक एवढाच होता. कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी. गुरुत्वाकर्षण हा फरक वाढवत नेतं, जिथे जास्त तिथे अजून खेचलं जातं. पण हे खेचणं सगळ्या दिशांनी सारखं कधीच नसतं. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९७० मध्ये हे गणितानं दाखवलं की वस्तुमानाचा ढग आधी एका दिशेनं दाबला जातो आणि पत्रा बनतो, मग दुसऱ्या दिशेनं दाबला जाऊन लांब पट्टा बनतो आणि तिसऱ्या दिशेनंही कोसळला की गाठ.

पुढे १९९६ मध्ये बाँड, कोफमन आणि पोगोस्यान या तिघांनी एक फार सुंदर गोष्ट सांगितली. जिथे पुढे मोठे क्लस्टर होणार आहेत ती उंच ठिकाणं सुरुवातीच्या त्या किंचितशा फरकातच ठरलेली असतात, आणि अशी दोन ठिकाणं शेजारी-शेजारी असली की त्यांच्या मधल्या वस्तुमानावर दोन्हीकडून ताण येतो, ते दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेनं ताणलं जातं आणि बाजूनं मात्र चेपलं जातं. ते चेपलेलं, ताणलेलं वस्तुमान म्हणजेच फिलामेंट. दोन ठिकाणं जितकी जवळ आणि त्यांचा लांबट आकार जितका एकमेकांकडे तोंड करून असेल तितकी मधली फिलामेंट जाडजूड.

म्हणजे कुठली गाठ कुठल्या गाठीला जोडली जाणार हे क्लस्टर जन्माला यायच्या आधीच जवळपास ठरलेलं असतं. फिलामेंट ही क्लस्टरची नंतर जोडलेली शेपटी नाही, क्लस्टर ज्या मालातून वाढला तोच माल ज्या वाटेनं आला ती ही वाट, आणि माल अजून येतोय.

मग जोड नेमका कुठे असतो? क्लस्टरची हद्द कुठे संपते?

क्लस्टरला कुंपण नसतं. हिशोबासाठी एक त्रिज्या धरतात, तिच्या आतलं सगळं साधारण स्थिरावलेलं आहे असं मानतात. कोमा नावाच्या मोठ्या क्लस्टरला (त्याच्याबद्दल पुढे आहेच) ती ६०-७० लाख प्रकाशवर्ष येते. पण फिलामेंट त्या त्रिज्येपाशी येऊन थांबते असं अजिबात नाही. मला हे नेहमी आपल्या कोकणातल्या खाडीसारखं वाटतं, नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला याची रेघ मारता येत नाही, गोडं आणि खारं पाणी मैलोन्‌मैल एकमेकांत शिरलेलं असतं.

त्या पट्ट्यात होतं काय तर बाहेरून येणारा गॅस सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं आत पडतो आणि आतल्या आधीच तापलेल्या गॅसवर आदळतो. तिथे शॉक, म्हणजे गॅस एकदम दाबला जाणारी धक्क्याची लाट, तयार होतो, वेगाची उष्णता होते, आणि लाख-दहा लाख अंशांचा गॅस काही कोटी अंशांवर जातो. आता फरक बघा. व्हॉइडच्या बाजूनं येणारा गॅस थंड आणि अगदी विरळ असतो म्हणून तिकडचा शॉक खूप बाहेर आणि खूप जोरदार असतो. फिलामेंटच्या दिशेनं येणारा गॅस जास्त दाट आणि आधीच कोमट झालेला, त्यामुळे तो क्लस्टरमध्ये जास्त खोलवर घुसतो आणि त्याचा शॉक तुलनेनं सौम्य राहतो. म्हणजे क्लस्टरची कड गोल नसतेच, ज्या ज्या बाजूला फिलामेंट लागलेली आहे तिथे ती आत चेपलेली असते. सिम्युलेशनमध्ये हे स्वच्छ दिसतं.

डार्क मॅटरचं वेगळं. ते कशावर आदळत नाही, शॉक वगैरे काही नाही, ते सरळ आत शिरतं, पलीकडून बाहेर पडतं, परत फिरतं. दीर्घिकांचंही बरंचसं तसंच, फक्त त्यांच्या पोटातला गॅस मात्र या भानगडीत अडकतो, त्याबद्दल खाली येतंच.

एखाद्या खऱ्या क्लस्टरचं उदाहरण द्या ना.

कोमा. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला, ३२ कोटी प्रकाशवर्ष दूर, हजाराहून जास्त दीर्घिका, मधोमध एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९ या दोन अवाढव्य लंबगोल दीर्घिका आणि सगळीकडे भरलेला साधारण ९ कोटी अंशांचा गॅस. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी याच क्लस्टरमधल्या दीर्घिकांचे वेग बघून सांगितलं होतं की दिसतंय तेवढ्या वस्तुमानानं हे एकत्र टिकणं शक्य नाही, म्हणजे डार्क मॅटरची गोष्टही इथूनच सुरू होते.

कोमाच्या पश्चिमेकडे साधारण १० कोटी प्रकाशवर्षांवर सिंह राशीत दुसरा क्लस्टर आहे, एबेल १३६७, आणि या दोघांच्या मधून दीर्घिकांची एक फिलामेंट जाते. ही सगळी रचना १९८९ मध्ये मार्गारेट गेलर आणि जॉन हुकरा यांनी दाखवलेल्या ‘ग्रेट वॉल’चा भाग. आता त्या फिलामेंटच्या बाजूनंच, म्हणजे नैर्ऋत्येकडून, कोमात एक ग्रुप घुसलेला आहे, एनजीसी ४८३९ या दीर्घिकेभोवतीचा, आणि त्याच्या मागे त्याचा गॅस शेपटीसारखा ओढला गेलेला एक्स-रेमध्ये चक्क दिसतो. २०२१ मध्ये एरोसिटा या एक्स-रे टेलिस्कोपचा मॅप आला त्यावरून असं दिसतंय की हा ग्रुप एकदा क्लस्टरच्या आतून जाऊन आलाय आणि आता दुसऱ्यांदा आत पडतोय. त्याच बाजूला आणखी बाहेर रेडिओ लहरींमध्ये चमकणारा एक पट्टा आहे, तिथे शॉकमुळे इलेक्ट्रॉनना वेग मिळालेला आहे.

आणि २०२४ मध्ये अजून एक मोठी गोष्ट झाली. कोरियातल्या योनसेई विद्यापीठाच्या टीमनं हवाईतल्या सुबारू टेलिस्कोपच्या फोटोंमधून, मागच्या दीर्घिकांचे आकार किती वाकलेत हे मोजून, कोमाच्या आत शिरलेली डार्क मॅटरच्या फिलामेंट्सची टोकं दाखवली. आत शिरलेली, हे महत्त्वाचं. खाडीचं जे वर म्हटलं ते आता नुसत्या कॉम्प्युटरमध्ये नाही, आकाशातही मोजलेलं आहे.

एका क्लस्टरला किती फिलामेंट्स लागतात?

साधारण दोन ते पाच. कोमाला स्लोन सर्व्हेच्या, म्हणजे आकाशाच्या एका मोठ्या मोजणीच्या, दीर्घिकांवरून मोजल्या तर सुमारे तीन येतात. जितका जड क्लस्टर तितक्या जास्त फिलामेंट्स असा कल दिसतो, आणि त्याच वस्तुमानाच्या क्लस्टरांमध्ये जे अजून अस्वस्थ आहेत, ज्यांच्यात नवा माल येऊन आदळतोय, त्यांना शांत झालेल्यांपेक्षा जास्त जोड असतात. हा आकडा बघताना ती फिलामेंट कुठल्या सॉफ्टवेअरनं शोधली हे जरूर बघा. डिस्पर्स नावाचा प्रोग्राम खूप वापरतात, पण त्यात किती बारीक रेघ खरी धरायची हे आपणच ठरवायचं असतं, त्यामुळे तीनच्या जागी चार आले म्हणून कोणी चुकलंच असं होत नाही.

फिलामेंट आपल्याला फोटोत दिसते तशी चमकत असते का?

नाही हो. ते बहुतेक सिम्युलेशनचे फोटो असतात आणि रंग डार्क मॅटरच्या घनतेला दिलेले असतात. प्रत्यक्षात फिलामेंटच्या गॅसमध्ये एका घनमीटरमध्ये मोजून काही कण ते काही डझन कण असतात. क्लस्टरच्या आत हाच आकडा हजारावर जातो आणि तरीही पृथ्वीवर आपण जी उत्तम निर्वात पोकळी बनवतो तिच्यापेक्षा तो कितीतरी विरळ असतो. तापमान मात्र लाखापासून कोटी अंशांपर्यंत. इतका गरम आणि इतका विरळ गॅस फार काही प्रकाश देत नाही, कारण एक्स-रेची चमक घनतेच्या वर्गावर जाते, म्हणजे घनता दहापट कमी झाली की चमक शंभरपट कमी.

याच कारणामुळे एक मोठा प्रश्न बरीच वर्षं अडकून होता. साध्या, अणूंच्या पदार्थाचा वाटा विश्वात ५ टक्के आहे हे पक्कं माहीत, पण तारे, गॅस, क्लस्टर सगळं मोजलं तरी जवळच्या विश्वात बराचसा हिशोब लागत नव्हता. १९९९ मध्ये सेन आणि ऑस्ट्रायकर यांच्या सिम्युलेशननं सांगितलं की हा हरवलेला माल फिलामेंट्समधल्या या कोमट-गरम गॅसमध्ये असणार. त्याची खात्री तुकड्या-तुकड्यानं होत गेली, आणि २०२० मध्ये फास्ट रेडिओ बर्स्ट नावाच्या दूरवरच्या रेडिओ झटक्यांनी, वाटेत त्यांना किती इलेक्ट्रॉन लागले त्यावरून, एकूण बेरीज जुळते हे दाखवलं.

मग दिसत नाही ती गोष्ट आहे हे कशावरून म्हणायचं?

एकट्या एका पुराव्यावर कोणी विसंबत नाही, आणि मला या विषयातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, की पाच वेगळ्या वाटांनी गेलं तरी तिथेच पोचतो.

सगळ्यात जुनी वाट म्हणजे दीर्घिकांची अंतरं मोजून थ्रीडी मॅप करायचा. १९८६ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या डी लापारां, गेलर आणि हुकरा यांनी आकाशाची एक पातळ चकती घेऊन सुमारे ११०० दीर्घिका मांडल्या, आणि तो मॅप काडीच्या माणसासारखा दिसला, हात पसरून उभा. त्या माणसाचं धड म्हणजे कोमा. धड लांबट दिसतं कारण अंतर आपण वेगावरून काढतो (दीर्घिका जितक्या वेगानं आपल्यापासून लांब जाते तितकी ती दूर) आणि क्लस्टरच्या आत दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरनं इकडेतिकडे पळत असतात, त्यामुळे मॅपमध्ये क्लस्टर आपल्या दिशेनं ताणला जातो. पसरलेले हात ही मात्र खरी रचना.

दुसरी वाट, प्लँक उपग्रहाची. विश्वात सगळीकडे भरलेला मायक्रोवेव्हचा प्रकाश गरम गॅसमधून जाताना इलेक्ट्रॉनवर आपटून किंचित बदलतो, त्याची सावलीसारखी खूण राहते. एका जोडीमधली खूण इतकी बारीक की दिसणारच नाही, म्हणून २०१९ मध्ये दोन टीमनी दीर्घिकांच्या लाखो जोड्यांचे मॅप एकावर एक ठेवले आणि मधला पूल वर आला. इथे घनतेच्या वर्गाची भानगड नसते म्हणून विरळ गॅसला ही पद्धत चांगली.

तिसरी, सरळ एक्स-रे. २०१५ मध्ये एबेल २७४४ या क्लस्टरला लागलेल्या फिलामेंट्सचा १ ते २ कोटी अंशांचा गॅस एक्सएमएम-न्यूटन या एक्स-रे टेलिस्कोपनं पकडला. आणि २०२५ मध्ये नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेच्या शॅपली सुपरक्लस्टरमध्ये (सुपरक्लस्टर म्हणजे क्लस्टरांचा मोठा घोळका) चार क्लस्टरांना जोडणारी २ कोटी ३० लाख प्रकाशवर्ष लांबीची फिलामेंट, तापमान १ कोटी अंशांच्या वर, वस्तुमान आकाशगंगेच्या दहापट. यात जपानच्या सुझाकू या एक्स-रे उपग्रहानं विरळ चमक मोजली आणि एक्सएमएम-न्यूटननं त्यातले ब्लॅकहोलसारखे ठिपके वेचून काढले, नाहीतर ते फिलामेंटच्या नावावर खपले असते. जे तापमान आणि घनता आली ती सिम्युलेशनशी जुळली.

चौथी वाट लेन्सिंगची, म्हणजे मधल्या वस्तुमानामुळे मागच्या दीर्घिकांचे आकार वाकलेले दिसतात ते मोजायचं, कोमाचं वर सांगितलंच, २०१२ मध्ये एबेल २२२ आणि २२३ यांच्या मधली डार्क मॅटरची फिलामेंटही तशीच सापडली होती. आणि पाचवी वाट रेडिओची, ती पुढच्या प्रश्नात.

एबेल ३९९ आणि एबेल ४०१ यांच्यामधला तो रेडिओ पूल, तीच फिलामेंट ना?

अर्धं बरोबर. मेष राशीच्या दिशेला हे दोन क्लस्टर एकमेकांपासून साधारण १ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत आणि पुढे एकमेकांत मिसळणार आहेत. मधल्या जागेत गरम गॅस आहे हे प्लँकनं दाखवलेलं, आणि २०१९ मध्ये युरोपातल्या लोफार रेडिओ टेलिस्कोपनं १४० मेगाहर्ट्झवर तिथे रेडिओ चमकही पकडली. याचा अर्थ क्लस्टरच्या बाहेर, मोकळ्या जागेतही चुंबकीय क्षेत्र आहे आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळणारे इलेक्ट्रॉन आहेत. आता गोम अशी की असे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात, क्लस्टरमधून निघून एवढं अंतर कापेपर्यंत ते कधीच मंद झाले असते, म्हणजे त्यांना तिथल्या तिथेच कोणीतरी परत वेग देतंय, बहुधा तिथले छोटे छोटे शॉक आणि घुसळण.

पण मी याला सरसकट फिलामेंट म्हणणार नाही. एकत्र यायला निघालेल्या दोन क्लस्टरांच्या मधला गॅस दाबला जातो, तो नेहमीच्या फिलामेंटपेक्षा दाट आणि गरम असतो, इथे तर ८ कोटी अंशांच्या घरात. आखूड जाड पूल आणि लांब विरळ फिलामेंट या दोन वेगळ्या अवस्था आहेत, बातम्यांमध्ये दोन्हीला एकच नाव लागतं आणि मग लोकांना वाटतं सगळ्या फिलामेंट्स अशाच चमकतात.

पुण्यात शोधलेल्या सरस्वती सुपरक्लस्टरचा याच्याशी काय संबंध?

अगदी थेट संबंध आहे. जुलै २०१७ मध्ये आयुका (पुण्यातलं खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र), आयसर पुणे आणि इतर संस्थांच्या टीमनं, जॉयदीप बागची आणि तेव्हा पीएचडी करणारे शिशिर सांख्यायन यांच्या पुढाकारानं, मीन राशीच्या दिशेला ४ अब्ज प्रकाशवर्षांवर एक प्रचंड रचना जाहीर केली. पसारा साधारण ६० कोटी प्रकाशवर्षांचा, किमान ४३ क्लस्टर आणि ग्रुप, वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांएवढं. सुपरक्लस्टर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या फिलामेंट्स खूप दाटीनं जमलेला प्रदेश. त्या टीममध्ये आयुकाचे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी होते, ज्यांनी १९८९ मध्ये केंब्रिजला असताना वर आलेला शॅपली सुपरक्लस्टर ओळखला होता.

सरस्वतीतल्या दोन जड क्लस्टरांपैकी एक एबेल २६३१ आणि दुसरा झ्विकींच्या यादीतला २३४१. हा दुसरा मला विशेष वाटतो, कारण बागचींनी २००२ मध्येच, सुपरक्लस्टर माहीत व्हायच्या पंधरा वर्षं आधी, तिथे फिलामेंटमध्ये शॉक आणि चुंबकीय क्षेत्राच्या खुणा आहेत असा पेपर लिहिला होता. पुढे २००९ मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ टेलिस्कोपनं तिथे दोन्ही बाजूंना रेडिओ चमकीचे दोन पट्टे दाखवले, म्हणजे फिलामेंटनं आणून सोडलेले तुकडे एकमेकांवर आदळून क्लस्टर बनत असतानाचं ते चित्र आहे.

फिलामेंटमधून आत जाताना दीर्घिकांचं काय होतं?

बरंच काही, आणि ते क्लस्टरच्या दारात पोचायच्या आधीच सुरू होतं. फिलामेंटमध्ये दीर्घिका एकेकट्या कमी, ग्रुपनं जास्त येतात. ग्रुपमध्ये एकमेकींच्या ओढाताणीत, आणि आजूबाजूच्या कोमट गॅसमुळे, त्यांचा ताजा गॅसचा पुरवठा कमी होत जातो, नवे तारे बनणं मंदावतं. म्हणून क्लस्टरपासून लांब असलेल्या फिलामेंटमध्येसुद्धा व्हॉइडच्या मानानं लालसर, थकलेल्या दीर्घिका जास्त सापडतात.

मग क्लस्टरचा गरम गॅस लागला की खरी परीक्षा. दीर्घिका हजार किलोमीटर प्रति सेकंद वेगानं त्यातून जाते तेव्हा समोरून एवढा दाब येतो की तिचा स्वतःचा गॅस मागे ओढला जातो, हे गन आणि गॉट यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. अशा दीर्घिकांना जेलीफिश गॅलक्सी म्हणतात, मागे लोंबणाऱ्या गॅसमध्ये नवे निळे तारे पेटलेले असतात. एबेल ८५ मधली जेओ२०१ ही त्यातली गाजलेली, भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या अल्ट्राव्हायोलेट टेलिस्कोपनं तिच्या शेपटीतले तरुण तारे टिपलेत. गॅस संपला की दीर्घिका हळूहळू विझत जाते, आणि शेवटी क्लस्टरच्या मध्यभागी लंबगोल आणि भिंगासारख्या दीर्घिकांचीच गर्दी उरते.

क्लस्टरचा आकार आणि फिलामेंटची दिशा यांचा काही मेळ असतो का?

असतो. माल एका दिशेनं येत राहिला की क्लस्टरही त्याच दिशेनं लांबट होतो, आणि मधली सगळ्यात मोठी दीर्घिकासुद्धा बऱ्याचदा त्याच दिशेला लांबट असते. १९८२ मध्ये ब्रुनो बिंगेली यांनी दाखवलं की शेजारचे क्लस्टर एकमेकांकडे तोंड करून असल्यासारखे असतात. म्हणजे मधल्या एका दीर्घिकेचा आकार बघून कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा शेजारी कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज येऊ शकतो, मला अजूनही हे वाचलं की थरारायला होतं.

फिलामेंट्स फिरतात हे खरं आहे का?

२०२१ मध्ये पेंग वांग, नोम लिबेस्किंड वगैरेंनी हजारो फिलामेंट्स एकावर एक ठेवून बघितल्या तेव्हा एका बाजूच्या दीर्घिका आपल्याकडे येताना आणि दुसऱ्या बाजूच्या लांब जाताना दिसल्या, वेग सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास. आणि टोकाचे क्लस्टर जितके जड तितकं फिरणं जास्त ठळक. सरासरीवरचा निष्कर्ष आहे हा, प्रत्येक फिलामेंट फिरतेच असं नाही.

कॉस्मिक वेब मेंदूसारखा दिसतो, म्हणजे विश्व विचार करतं का?

दिसण्यापुरतं साम्य आहे. मेंदूत एका टोकाचा सिग्नल दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या आत पोचतो. इथे एका क्लस्टरमधून निघालेल्या प्रकाशालाच शेजाऱ्याकडे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात, आणि विश्वाचं एकूण वय १३८० कोटी वर्षं. त्यामुळे नाही.

आपण स्वतः कुठे आहोत या सगळ्यात?

आपण गाठीत नाही, कडेला आहोत. आपला ग्रुप एका चपट्या पत्र्यासारख्या रचनेत आहे, एका बाजूला मोठा व्हॉइड, आणि जवळची गाठ म्हणजे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा कन्या क्लस्टर, ज्याच्या मधोमध ती एम८७ दीर्घिका, जिच्या ब्लॅकहोलचा फोटो २०१९ मध्ये आला. कन्या क्लस्टरलाही स्वतःच्या फिलामेंट्स आहेत. २०१४ मध्ये ब्रेंट टली आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांचे प्रवाह कुठून कुठे वाहतात ते बघून आपल्या प्रदेशाची हद्द आखली, ५२ कोटी प्रकाशवर्ष रुंद, नाव लानियाकेआ.

म्हणजे आपण एक दिवस कन्या क्लस्टरमध्ये पडणार?

नाही. कन्या आपल्याला खेचतो, त्यामुळे आपला लांब जाण्याचा वेग सेकंदाला साधारण २०० किलोमीटरनं कमी झालेला आहे, पण तरीही एकूण हिशोबात आपण त्याच्यापासून हजार किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगानं लांबच चाललोय, आणि डार्क एनर्जीमुळे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेमुळे, हे प्रसरण वाढतंय.

फिलामेंट्सचंही तेच. क्लस्टर आतून बांधलेले आहेत, ते टिकतील. त्यांच्या अगदी जवळ पोचलेला माल आत पडेल. पण लांबच्या फिलामेंट्स ताणल्या जात राहतील, विरळ होतील, आणि क्लस्टरांना नवा माल मिळणं बंद होत जाईल. सरस्वतीच्या बाबतीत हिशोब असा निघाला की मधला साधारण साडेसहा कोटी प्रकाशवर्ष त्रिज्येचा गाभा स्वतःच्या वजनानं एकत्र येईल, बाकीचा पसारा मात्र सुटत जाणार. आपण ज्या काळात आहोत तो जाळं छान विणलेलं दिसण्याचा काळ आहे.

टेलिस्कोपमधून यातलं काही बघता येतं का?

फिलामेंट नाही, गाठी येतात. एप्रिल-मेच्या रात्री अरुंधती केश महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो. वांगणीसारख्या जरा अंधाऱ्या ठिकाणाहून आठ इंची टेलिस्कोपमधून एम८४, एम८६ आणि त्यांच्या शेजारच्या कन्या क्लस्टरच्या दीर्घिका धुरकट ठिपक्यांसारख्या छान दिसतात. कोमातली एनजीसी ४८८९ अवघड आहे, साडेअकरा प्रतीची (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद), पण आकाश खरंच काळं असेल आणि डोळे अर्धा तास अंधाराला सरावलेले असतील तर जमते.

कॉलेजमध्ये आहे, यात स्वतः काही करून बघायचंय, सुरुवात कुठून करू?

स्लोन सर्व्हेचा डेटा फुकट आहे, अकाउंट काढून थेट क्वेरी लिहिता येते, आणि इलस्ट्रिस टीएनजी सिम्युलेशनचा डेटाही रजिस्टर करून मिळतो. थोडं पायथन येत असेल तर पहिलं काम हे करा: विषुवांश (आकाशातले रेखांश) ८ तास ते १७ तास, क्रांती (आकाशातले अक्षांश) साडेसव्वीस ते साडेबत्तीस अंश, आणि वेग सेकंदाला १५ हजार किलोमीटरच्या आत, एवढ्या दीर्घिका घ्या आणि विषुवांश कोनात, वेग अंतराच्या जागी ठेवून पंख्यासारखा प्लॉट काढा. ही तीच १९८६ ची चकती आहे, फक्त तुमच्याकडे तेव्हाच्यापेक्षा खूप जास्त दीर्घिका असतील. विषुवांश १३ तासांजवळ, ७ हजार किलोमीटरच्या आसपास जो उभा दाट पट्टा दिसेल तो कोमा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले हात किती दूर जातात ते मोजा, मग क्रांतीची चकती थोडी खाली सरकवून एबेल १३६७ पर्यंत पोचता येतं का ते बघा, तो क्रांती २० अंशांजवळ आहे.